एकाच भागाचा गुप्तहेर

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या कारभारात असा शिरस्ता फार दिवस चालत आला की, लेखकांच्या कल्पना ऐकून घ्याव्या, त्यांपैकी काहींचे मसुदे मागवावे, थोड्यांचे एकेक नमुनाभाग, म्हणजे पायलट, मोठ्या खर्चाने चित्रित करावे, आणि मे महिन्यात न्यूयॉर्कला जाहिरातदारांपुढे नव्या मालिकांची यादी ठेवतेवेळी त्यांतील बहुतेक दप्तरदाखल करून टाकावे. नामंजूर झालेल्यांपैकी काही भाग उन्हाळ्यातील रिकाम्या जागी दाखवून हातावेगळे केले जात. २८ जुलै १९९१ रोजी, रविवारी, एनबीसी वाहिनीने ‘लुकवेल’ हा अर्ध्या तासाचा विनोदी भाग दाखविला तो असाच.

कॉनन ओब्रायन आणि रॉबर्ट स्मायगल हे त्याचे लेखक ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाच्या तालमीत तयार झालेले. त्यांचा टाय लुकवेल हा १९७०च्या दशकातील एका गुप्तहेर-मालिकेचा विस्मृत नायक. वैभवाच्या काळी पोलिसांनी समारंभपूर्वक दिलेला मानाचा बिल्ला म्हणजे तपासाची सनदच होय अशी दृढ समजूत करून घेऊन, आपल्या अभिनयवर्गातील विद्यार्थ्यांना हाताशी धरून, नाना वेषांतरे करीत तो खऱ्या गुन्ह्यांचा छडा लावावयास निघतो.

परंतु या कृतीतील प्रतिभेचा खरा अंश नायकाच्या निवडीत आहे. १९६६ ते १९६८ या काळात ‘बॅटमॅन’ मालिकेच्या १२० भागांत मुखवटा धारण केलेला ॲडम वेस्ट त्या मुखवट्यातून पुढे कधी सुटलाच नाही, कामे मिळेनाशी झाली, आणि तोच वेष चढवून जाहीर कार्यक्रमांत मिरविण्यावर त्यास निर्वाह करावा लागला. अशा नटाने लुकवेलचा पोकळ रुबाब, तिळमात्र डोळा न मिचकावता, करुण गांभीर्याने वठवावा, आणि पार्श्वभागी हशाची ध्वनिफीतही नसावी, तेव्हा आपण हसतो ते थोडे ओशाळूनच.

एनबीसीचा मुखत्यार ब्रँडन टार्टिकॉफ या भागाचा चाहता होता. पण तो १९९१ मध्येच पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेकडे गेला आणि ‘लुकवेल’ला वाली उरला नाही. दोनच वर्षांपूर्वी, ५ जुलै १९८९ रोजी, याच वाहिनीने याच उन्हाळी अडगळीत टाकलेल्या एका नमुनाभागास, रिक लुडविन नामक अधिकाऱ्याने आपल्या विशेष कार्यक्रमांच्या खर्चातून चार भागांची मंजुरी मिळवून दिली होती. पुढे गाजलेली ती मालिका म्हणजे ‘साइनफेल्ड’. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे गुणवत्तेपेक्षा खुर्चीवर कोण टिकून राहिले यालाच महत्त्व होते, असे दिसते.

तथापि, ‘लुकवेल’ची मालिका झाली नाही म्हणून हळहळणाऱ्या चाहत्यांत मी सामील नाही. ज्या व्यक्तिरेखेची भ्रांती फिटता कामा नये आणि जिचे कारुण्य मात्र क्षणोक्षणी जाणवले पाहिजे, तिच्यावर दर आठवड्यास नवा गुन्हा रचू लागल्यास तिसऱ्या-चौथ्या भागापासून केवळ वेषांतरेच शिल्लक राहिली असती. एनबीसीचा निर्णय कोणत्याही कारणाने झालेला असो, माझ्या मते तो चुकीचा नव्हता.