खनिज तेल आणि गंधकाम्ल

खनिज तेल हा एकच पदार्थ नसून हजारो कार्बनी संयुगांचे ते मिश्रण आहे. त्यात कोणकोणती कुळे एकत्र नांदत आहेत हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. परंतु त्याच्याशी तीव्र गंधकाम्लाचा संयोग घडवून आणला, म्हणजे प्रत्येक कुळाचा स्वभाव प्रकट होतो.

पहिले कूळ पॅराफिनांचे. यांतील कार्बन अणूंचे सर्व हात हायड्रोजनाने अथवा शेजारच्या कार्बनाने गुंतलेले असतात. म्हणून थंड अम्लाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. १८३० मध्ये रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लाकडाच्या डांबरातून मेण वेगळे केले व त्याच्या या अलिप्त वृत्तीमुळे 'अल्प आसक्ती' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्यास पॅराफिन हे नाव दिले.

ओलेफिनांची रीत उलट आहे. मूळ तेलात ती अत्यल्प असतात. जड तेलाचे उष्णतेने विभाजन केले असता ती विपुल निर्माण होतात. त्यांच्या दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. अम्लाचा रेणू तेथे सहज जोडला जातो व तयार झालेले संयुग अम्लात विरघळते. काही ओलेफिने मात्र एकमेकांस जोडली जाऊन जड, चिकट द्रव्ये बनतात.

बेंझिनासारखी ॲरोमॅटिक संयुगे या दोहोंच्या मधली. त्यांच्या वलयावरील एका हायड्रोजनाची जागा अम्लातील गंधकयुक्त गट घेतो; पण ही क्रिया मंद असते. गंधकयुक्त थायोफीन बेंझिनाहून लवकर वश होते. नायट्रोजनयुक्त अल्कधर्मी संयुगांचे लवण बनते, तर राळेसारखी द्रव्ये काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसतात.

या स्वभावभेदाचा उपयोग एकोणिसाव्या शतकात दिव्याच्या रॉकेलासाठी झाला. रॉकेल अम्लाबरोबर घुसळीत. अम्ल तेलाच्या दुपटीहून अधिक जड असल्यामुळे रंग व दुर्गंध आणणारी द्रव्ये घेऊन ते तळाशी जाई. नंतर तेल कॉस्टिक सोड्याने व पाण्याने धूत.

तथापि या उपायास मर्यादा होत्या. रुमानियातील रॉकेलात ॲरोमॅटिक संयुगे पुष्कळ असल्याने दिवा धूर ओकी; ती सर्व अम्लाने काढणे परवडेना. तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञ एडेलेआनू याने १९०८ च्या सुमारास द्रवरूप सल्फर डायऑक्साइडाने ती विरघळवून काढण्याची पद्धती शोधली. शिवाय अम्लयुक्त काळा गाळ कोठे टाकावा, हा प्रश्न होताच. पुढे हायड्रोजनाने तेल शुद्ध करण्याच्या पद्धतीने बहुतेक ठिकाणी अम्लाची जागा घेतली. जुन्या गाळाची तळी मात्र कित्येक ठिकाणी मागे राहिली.

तरीही गंधकाम्लाची तेलशुद्धीकरणातून हकालपट्टी झाली नाही. १९३० नंतरच्या दशकात असे आढळले की, थंड व तीव्र अम्लाच्या सान्निध्यात आयसोब्युटेन हे पॅराफिन ओलेफिनाशी संयोग पावते आणि उच्च प्रतीचे पेट्रोल मिळते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनासाठी ही क्रिया फार मोलाची ठरली व आजही ती वापरात आहे. जी ओलेफिने पूर्वी अशुद्धी म्हणून गाळात जात, तीच येथे कच्चा माल ठरली. आणि ज्या कुळाचे नावच 'अल्प आसक्ती', त्यातील एका संयुगाने योग्य सोबती मिळताच आपली अलिप्तता सोडली.