वेश करा, धावा, रुग्णांसाठी निधी जमवा

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. बीडकरांनो, तेवढा वेग नसला तरी धावण्यातून मोठं काम होतं!

२००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमधली ड्रीम रन पाहा. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. लोक वेशभूषा करून, फलक घेऊन धावतात. मॅरेथॉनच्या देणग्यांचं काम पाहणाऱ्या युनायटेड वे मुंबईकडे नोंदलेली, रुग्णांसाठी काम करणारी संस्था निवडायची आणि तिच्यासाठी ओळखीच्यांकडून देणगी मागायची. दीर्घ आजाराच्या रुग्णाला औषधं वर्षानुवर्षं लागतात, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

वेश हलका, सुती ठेवा. नऊवारी नेसणार असाल तर काष्टा घोट्याच्या वर घ्या आणि आधी त्यातच सराव करा. बूट मात्र धावण्याचेच हवेत.