पाच किलोचं छप्पर

आमच्या दापोलीकडच्या घरावर 2021 च्या माघी गणपतीला पत्रा चढला. त्याआधी साठेक वर्षं त्या घरावर मंगळुरी कौलं होती आणि त्याच्याही आधी नळे, म्हणजे गावठी कौलं. आजोबांनी नळे उतरवून मंगळुरी कौलं घातली तेव्हा शेजारच्या वाडीतून माणसं बघायला आली होती म्हणे. मी पत्रा घातला तेव्हा कोणी फिरकलं नाही. तोवर वाडीतल्या निम्म्याअधिक घरांवर निळे-तांबडे पत्रे दिसायला लागले होते आणि ज्यांच्यावर नव्हते ते दुकानात पत्र्यासाठी नंबर लावून होते.

निमित्त निसर्ग वादळाचं. 3 जून 2020 ला दुपारी ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा घेऊन. बाणकोटची खाडी ओलांडली की आमचा मुलूख. मी ठाण्यात टाळेबंदीत अडकलेला, आई घरात एकटी. फोन बंद, वीज बंद. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवरून तिचा आवाज आला, "मी आहे. कौलं गेली."

कौलं एकदम जात नाहीत. आधी आढ्यावरचा एक कोना उडाला. त्या फटीतून वारा आत शिरला आणि मग कुणी खालून हात घालून उचलावी तशा रांगाच्या रांगा सुटल्या. आई देवघरावरच्या माळ्याखाली बसून होती, म्हणून तिच्या अंगावर एक खापरी पडली नाही. गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे पापडासारखे फुटले. ते नुसते सिमेंटचे नसतात, त्यांत अॅस्बेस्टॉस असतं आणि फुटताना त्याचे तंतू हवेत उडतात, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. मुलांनी तुकडे हातांनी गोळा करून बांधावर टाकले. आजही मला त्याची रुखरुख वाटते.

पण वादळावर सगळं ढकलायला नको. खरं सांगायचं तर मला दहा वर्षं पत्राच हवा होता. कारण माकडं. आंब्यावरून घरावर आणि घरावरून फणसावर त्यांचा रस्ता. दर फेरीला पाच-सहा कौलं सरकणार, एखाददुसरं फुटणार. मे महिन्यात कौलं चाळायला पूर्वी दोन गडी यायचे. नंतर एक, मग तोही मुंबईला गेला. पहिल्या पावसाला घरात कुठे कुठे पातेली ठेवायची हे आईला पाठ होतं. तरी मी पत्र्याचा विषय काढला की ती म्हणायची, "मी गेल्यावर काय ते घाल."

कौल म्हणजे परंपरा आणि पत्रा म्हणजे हल्लीची उपरी वस्तू, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात जेप्पूला काढला तो 1865 साली. पन्हळी लोखंडी पत्र्याचं पेटंट हेन्री पामर या इंग्रज इंजिनिअरने घेतलं 1829 मध्ये. म्हणजे पत्रा कौलापेक्षा छत्तीस वर्षांनी मोठा. आजोबांच्या काळी कौलसुद्धा बाहेरून आलेला कारखान्याचाच माल होता. हे मी आईला ऐकवलं. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

तिचं मत फिरवलं ते माझ्या सासऱ्यांनी, आणि तेही उलट्या बाजूने. सासुरवाडी औसा तालुक्यातली. तिकडे माळवदाची घरं, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि वर मातीचे थरावर थर. उन्हाळ्यात आत गारवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीच्या भूकंपात तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. सासऱ्यांचं घर तडकलं पण उभं राहिलं. तरी त्यानंतर ते माळवदाखाली निजले नाहीत. अंगणात पत्र्याची खोली उभी केली आणि मराठवाड्याच्या उन्हात, भट्टीसारख्या तापणाऱ्या त्या पत्र्याखाली वर्षानुवर्षं झोपले. फोनवर ते आईला म्हणाले, "विहीणबाई, पत्रा पडला तर माणूस उठून बसतं."

तिकडे पत्रा घेतला तो हलका म्हणून. आमच्याकडे आईला पत्र्याची धास्ती, तीही तो हलका म्हणूनच. हे कोडं मला तेव्हा नीट उमगलं नाही. उमगलं असतं तर पुढचे पैसे वाचले असते.

त्या पावसाळ्यात घर ताडपत्रीखाली राहिलं. पत्रे मिळेनात, मिळाले तर भाव ऐकून परत यावं. दिवाळीनंतर खरेदीला गेलो. दुकानदाराने रंगांचं पुस्तक पुढे केलं आणि मी, बायको नि आई, आम्ही तिघांनी अर्धा तास रंगावर घालवला. जाडी विचारली तेव्हा तो म्हणाला, "पॉइंट पन्नास." हा आकडा रंग आणि मुलामा धरून असतो, आतलं नुसतं पोलाद त्यात 0.45 मिलिमीटरच्या आसपास भरतं. दुसरा एखादा दुकानदार तोच आकडा नुसत्या पोलादाचा सांगतो, मग दोन भावांची तुलना कशी करणार? मुलाम्याची चौकशी मात्र मी नीट केली होती. जुन्या पांढऱ्या पत्र्यावर नुसतं जस्त असतं. आम्ही घेतलेल्यावर 55 टक्के अॅल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि उरलेलं सिलिकॉन, दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम. खाऱ्या वाऱ्यात हा मुलामा जस्तापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. हे सगळं वहीत टिपून मी शहाण्यासारखा मान डोलावत होतो. स्क्रूबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "ते फॅब्रिकेटर आणतो," एवढं ऐकून गप्प बसलो.

फॅब्रिकेटरची पोरं चलाख होती. वासे-रिपा उतरवून लोखंडी बॉक्स पाइपांचा सांगाडा चार दिवसांत, पत्रे दोन दिवसांत. सहा मीटरचा अख्खा पत्रा आढ्यापासून पागोळीपर्यंत, मध्ये जोड नाही. मी खाली खुर्ची टाकून बघत होतो आणि मला ते फार सुंदर दिसत होतं. दोन चुका माझ्या डोळ्यांदेखत होत होत्या. पत्रे कापायला ग्राइंडर लावला होता; त्याची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडी चुरा, तो रंगावर बसून चिकटत होता. महिनाभरात छपरावर तांबूस ठिपक्यांची देवी आल्यासारखी दिसली. पत्रा कापावा कात्रीने, आणि चुरा पडलाच तर त्याच संध्याकाळी झाडून काढावा, हे मला नंतर दुसऱ्याच एका मिस्त्रीने सांगितलं.

दुसरी चूक स्क्रूची. पूर्वी हुक आणि डांबरी वायसर असायचे, आता मशीनने आरपार जाणारे स्क्रू, डोक्याखाली रबरी वायसर. हा वायसर पत्र्याला नेमका टेकला पाहिजे. पोरांनी मशीन अशी दाबली की रबर चारी बाजूंनी बाहेर आलं, काही तिरके गेले. आणि कडेलाही मधल्यासारखंच अंतर. दोन उंचवटे सोडून तिसऱ्यावर एक स्क्रू.

परीक्षा पावसाच्या आधीच झाली. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या समोरून, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. वारा निसर्गच्या मानाने काहीच नव्हता. तरी रात्री नैऋत्येचा कोपरा थडथडायला लागला आणि सकाळी पाहिलं तर तो हातभर उचलला होता, तीन स्क्रू उपटून. भाचा सिव्हिल इंजिनिअर. त्याने फोनवरच हिशोब मांडला. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 33 मीटर. त्याचा वर्ग करून 0.6 ने गुणायचं, आणि आलेल्या न्यूटनचे किलो करायला दहाने भागायचं. दर चौरस मीटरला साधारण 65 किलोची ओढ होते, आणि छपराच्या कोपऱ्यांना आणि कडांना त्याहून पुष्कळ जास्त. वारा छप्पर दाबत नाही मामा, वर ओढतो, असं तो म्हणाला. आता कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या घरात. पत्र्याचं पाच किलोही नाही. म्हणजे कौल निम्म्याहून जास्त स्वतःच्या वजनावर बसलेलं असतं. पत्रा सगळाच्या सगळा स्क्रूवर. सासऱ्यांचं आणि आईचं, दोघांचं बरोबर होतं.

जुलैत, ज्या पावसाने चिपळूण बुडवलं त्याच पावसात, छप्पर अकरा ठिकाणी गळलं. मोजून अकरा. आईने पातेली काढली, पण या वेळी जागा नव्या होत्या, त्याचाच तिला जास्त राग. फॅब्रिकेटर दोनदा येतो म्हणाला, मग फोन उचलेना. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या मिस्त्रीकडून सगळे स्क्रू बदलून घेतले. जाड वायसरचे, कडेला प्रत्येक उंचवट्यावर एक. तो एकेक स्क्रू मारून वायसर बोटाने चाचपून बघायचा. दिवसाला त्याचं काम आधीच्या पोरांच्या निम्मं व्हायचं. मजुरी धरून नुसत्या स्क्रूंचा खर्च झाला तो मी इथे लिहीत नाही. बायको हे वाचणार आहे.

तेव्हापासून गळती नाही. बाकीच्या तक्रारी आहेत. जोराच्या सरीत आईला फोनवर काही ऐकू येत नाही, ती "पाऊस आहे" म्हणून ठेवून देते. सकाळी ऊन आलं की टक् टक् आवाज येतात. सहा मीटरचा पत्रा तापला-निवला की दोन-तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो, त्याचे ते आवाज. पहिल्या वर्षी तिला वाटलं, माळ्यावर कोणी आहे. उन्हाळ्यात माळा नसता तर घरात बसवलं नसतं. आढ्याखाली दोन्ही टोकांना झरोके काढले, त्याने दुपारी थोडा फरक पडतो. माकडं पहिल्या आठवड्यात तापलेल्या पत्र्यावर उतरली आणि ज्या चपळाईने परत गेली ते बघून आई पहिल्यांदा पत्र्यावर खूश झाली. आता ती सकाळी लवकर येतात, गार असताना.

2025 साली पाऊस मे संपायच्या आतच आला. मुंबईत तर 26 मेलाच. कापलेल्या कडांना रंग मारायचा होता, तो राहिला. तिथे आता तांबेरा धरलाय, बोटभर रुंदीचा.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावचा एक होमस्टेवाला आला होता. त्याला जुनी मंगळुरी कौलं हवी होती, पत्र्यावर शोभेला बसवायला. पर्यटकांना कौलारू घर लागतं म्हणे. विहिरीमागे आमची वाचलेली कौलं रचून ठेवलेली, शेवाळ धरलेली. मी मोजली, दोनशे चौदा निघाली. भाव बरा देत होता. आई पडवीतून म्हणाली, "पन्नास ठेव हो."

"कशाला?"

"असू देत."

त्याने एकशे चौसष्ट कौलं टेम्पोत भरली आणि गेला.