मुलांची टाचदुखी हा बहाणा नव्हे
खेळून आलेले मूल टाच दुखते म्हणून लंगडू लागले, तर तो बहाणा समजू नये. साधारण ८ ते १४ या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग मुख्य हाडाशी पूर्ण जुळलेला नसतो. मध्ये मऊ कूर्चेचा थर असतो. धावताना जमिनीचा आघात खालून आणि पोटरीच्या स्नायूंची ओढ वरून याच भागावर येते. अमेरिकी शल्यचिकित्सक जेम्स सेव्हर यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. ‘सेव्हरचा रोग’ हे नाव मात्र उगाच भयावह आहे. हाड जुळले की दुखणे थांबते. तोवर धावणे-उड्या कमी करणे, टाचेखाली मऊ गादी आणि पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम बहुधा पुरतात. ताप, सूज किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असल्यास डॉक्टरांना त्वरित दाखवावे.