आजाऱ्याचे पथ्य आणि बंगाली झोल

माझ्या मुलीचे सासर नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरचे. गेल्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला. ताप उतरल्यावर आम्ही उभयता भेटायला गेलो. पोरीचे वजन ६ किलोने घटले होते, जिना चढताना धाप लागत होती. आणि तिच्या ताटात पाहतो तर मासा! माझा पारा चढला. “आतडी अजून नाजूक आहेत. साबुदाण्याची पेज द्या,” असे मी जरा जोरातच बोललो. विहीणबाई हिंदीत शांतपणे म्हणाल्या, “बेयाई मोशाय, आधी चाखून तर बघा.” (बेयाई म्हणजे व्याही.)

चाखले. पाण्यासारखा पातळ रस्सा, त्यात कच्चे केळे, कच्ची पपई, जिरे, आले, हळद. मिरची नाही, तेल नावाला. मासा शिंगी. शिंगी आणि मागूर हे तिकडे आजाऱ्याचे मासे. ते हवेतूनही श्वास घेतात, म्हणून बाजारात पाण्याच्या भांड्यात जिवंत मिळतात. बारीक काटे कमी. (शिंगीचा काटा मात्र विषारी, हाताला लागला तर ठणका लागतो.) आपल्याकडे पकडला जातो तो थाई मांगूर वेगळा. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे.

तेव्हा श्रावण होता, बाजारात इलिश आलेला. घरच्यांनी तो मोहरी वाटून खाल्ला, पण सुनेला एक तुकडा दिला नाही. तेलकट मासा, अजून सोसायचा नाही म्हणे! तिथे ऋतू पाहून स्वयंपाक होतो. चैत्रात कडुलिंबाची कोवळी पाने वांग्याबरोबर तळतात, उन्हाळ्यात कैरी घातलेली आंबट डाळ, थंडीत फ्लॉवर घालून कोई मासा. दुपारच्या जेवणाची सुरुवात बहुधा कडूने, म्हणजे शुक्तोने. त्यात कारले, कच्चे केळे, शेवग्याच्या शेंगा.

वाचकहो, चूक माझी होती. टायफॉइडमध्ये तिखट, तळलेले व चोथ्याचे अन्न टाळावे हे खरे. पण तापात अंगावरचे मांस झडते, ते साबुदाण्याने भरून येत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्याला प्रथिने लागतात, आणि माशाची प्रथिने पचायला हलकी. पंचवीस वर्षे मी रुग्णांना “पेज आणि बिस्किटे” सांगत आलो. कितीजणांचा अशक्तपणा त्यामुळे लांबला असेल, कोण जाणे.

आता भूक लागू लागली की मी हाच झोल सांगतो. आपल्या बाजारात शिंगी नसेल तर ताजी मरळ घ्यावी. रोहू घेतल्यास काटे नीट काढावेत. मासा न तळता रश्श्यातच पूर्ण शिजवावा, बरोबर मऊ भात. शाकाहारी मंडळींनी मुगाचे घट्ट वरण आणि घरी विरजलेले दही घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने किती घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मुलीचे वजन दिवाळीपर्यंत भरून आले. विहीणबाई अजून फोनवर विचारतात, “पेज देता का हो कुणाला?”