१० पैकी ८ मॅच हरलेल्या कॉलेज टीमचा सीझन अमेरिका ५० वर्षांनंतरही का विसरली नाही?

१० मॅच, २ विजय आणि ८ पराभव. त्यातही एका मॅचमध्ये ६६-६ असा धुव्वा.

असा सीझन कुठलीही टीम लवकरात लवकर विसरायला बघेल. पण अमेरिकेतल्या मार्शल युनिव्हर्सिटीनं १९७१ चा हाच सीझन जिवापाड जपून ठेवलाय. कारण त्याच्या आदल्या वर्षी या टीममधले जवळपास सगळे खेळाडू एका रात्रीत गेले होते.

इथं फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नाही, तर अमेरिकन फुटबॉल. डोक्यावर हेल्मेट, लांबट चेंडू आणि तो घेऊन पळणाऱ्याला आडवं पाडायचं. अमेरिकेत कॉलेजची टीम ही अख्ख्या गावाची टीम असते. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं, ओहायो नदीच्या काठावरचं हंटिंग्टन हे तसंच एक गाव.

दिवस होता १४ नोव्हेंबर १९७०. मार्शलची टीम नॉर्थ कॅरोलिनात जाऊन ईस्ट कॅरोलिनाकडून १७-१४ अशी हरली आणि चार्टर विमानानं घरी निघाली. हंटिंग्टनवर पाऊस होता, धुकं होतं. धावपट्टी थोडक्यावर आली असताना विमान टेकडीवरच्या झाडांना धडकून कोसळलं. आतले सगळेच्या सगळे ७५ जण गेले. त्यात ३७ खेळाडू, कोच रिक टॉली यांच्यासह स्टाफमधले ८ जण, टीमसोबत गेलेले २५ समर्थक आणि विमानाचे ५ कर्मचारी होते. विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली आलं होतं, पण ते का आलं हे तपासात नक्की सांगता आलं नाही.

६ खेळाडूंची तर ओळखही पटली नाही. त्यांना गावातल्या स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरण्यात आलं.

आता प्रश्न होता, टीम बंद करायची का? युनिव्हर्सिटीत तसा विचारही झाला. पण शेवटी ठरलं, खेळायचं. मार्च १९७१ मध्ये ओहायोतल्या वूस्टर कॉलेजचे जॅक लेंगेल कोच म्हणून आले.

पण खेळणार कोण?

जुन्या टीममधले दुखापतीमुळे किंवा इतर कारणानं विमानात न बसलेले मोजकेच खेळाडू उरले होते. त्याशिवाय होती पहिल्या वर्षाची मुलं. तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य टीममधून खेळता येत नसे, त्यांची टीम वेगळी असायची. याच नियमामुळे ती मुलं त्या विमानात नव्हती. आणि आता हाच नियम आडवा येत होता, कारण १९७१ ला नव्यानं येणाऱ्या मुलांशिवाय टीमच पूर्ण होत नव्हती. कॉलेज खेळांची संघटना एनसीएएनं मार्शलला खास सूट दिली. इतर खेळ खेळणारी मुलंही येऊन सामील झाली. असिस्टंट कोच रेड डॉसन नवे खेळाडू बघायला गाडीनं गेले होते म्हणून वाचले होते. तेही या सीझनसाठी थांबले.

खेळायची पद्धतसुद्धा बदलली. अनुभव नसलेल्या मुलांना झेपेल म्हणून 'व्हीअर' नावाची आक्रमणाची पद्धत घेतली. ती शिकायला मदत केली शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचे कोच बॉबी बाउडन यांनी.

पहिली मॅच मोरहेड स्टेटनं २९-६ नं जिंकली. दुसरी होती २५ सप्टेंबरला, घरच्या मैदानावर, झेव्हियरविरुद्ध. शेवटच्या क्षणी झेव्हियर १३-९ नं पुढे. घड्याळातली वेळ संपत आलेली, फक्त एक चाल शिल्लक. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हरनं टेरी गार्डनरकडे छोटा पास टाकला आणि गार्डनर १३ यार्ड पळत थेट रेषेपार गेला. टचडाऊनचे ६ गुण. मार्शल १५, झेव्हियर १३. लोक मैदानात धावले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले.

सिनेमात गोष्ट इथं संपते. २००६ साली आलेला 'वुई आर मार्शल' हा सिनेमाही याच विजयापाशी थांबतो. पण खरा सीझन पुढे चालूच राहिला. पुढच्याच आठवड्यात मियामी ऑफ ओहायोनं त्यांना ६६-६ असं चिरडलं. नंतर बोलिंग ग्रीनला १२-१० नं हरवलं, तेवढाच काय तो दुसरा विजय. बाकी पराभवच. मार्शलला जिंकण्यापेक्षा जास्त मॅच हरणं थांबवायला १९८४ साल उजाडावं लागलं. त्यानंतर मात्र १९९२ आणि १९९६ मध्ये त्यांनी आपल्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं.

ती विजेतेपदं शक्य झाली, कारण १९७१ ला कुणीतरी हरायला तयार झालं होतं. १८-१९ वर्षांची ती मुलं दर शनिवारी आपल्यापेक्षा तगड्या टीमसमोर उभी राहिली, म्हणून मार्शलचं फुटबॉल टिकलं.

युनिव्हर्सिटीच्या आवारात त्या ७५ जणांच्या स्मरणार्थ एक कारंजं आहे. दरवर्षी १४ नोव्हेंबरला गाव तिथं जमतं, नावं वाचली जातात आणि कारंज्याचं पाणी बंद केलं जातं.

ते पुन्हा सुरू होतं थेट वसंतात.