शोधयंत्र, क्रम आणि सचोटी

लिहिलेले छापून येणे हा एके काळी आमच्यापुढचा मोठा प्रश्न होता. आज छापण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. सापडण्याचा प्रश्न उभा राहिला आहे. जुन्या अनियतकालिकांचे अंक, स्मरणिका, संमेलनांतील भाषणे आम्ही चार-सहा मित्रांनी जमवली आणि एका संकेतस्थळावर ठेवली. ठेवली म्हणजे ती लोकांसमोर आली, असे मी समजत होतो. ते खरे नव्हते. वाचक गुगलसारख्या शोधयंत्राला शब्द देतो, यंत्र पाने क्रमाने मांडते, आणि वाचक वरची पाच-दहा नावे पाहून उठतो. त्याखालचे सारे असून नसल्यासारखे. हा वरचा क्रम मिळवण्याच्या खटाटोपाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ, म्हणतात. त्यातले उचित कोणते आणि अनुचित कोणते, याविषयी जे समजले ते येथे मांडतो आहे.

प्रथम हा क्रम लागतो कसा ते पाहू. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विद्वान जसा एकमेकांच्या ग्रंथांचा हवाला देतात तसे एक पान दुसऱ्या पानाकडे दुवा देते. ज्या पानाकडे पुष्कळ दुवे येतात, आणि तेही वजनदार पानांकडून, ते पान वरचे, अशी त्यांची मूळ कल्पना. पुढे तिच्यात इतर असंख्य कसोट्यांची भर पडली, पण दुव्याचे महत्त्व संपलेले नाही. या कल्पनेतली गोम आपल्या वाचकांच्या चटकन ध्यानी येईल. हवाला कोणाचा दिला जातो? बहुधा ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याचा. ज्यांचा उल्लेखच कोणी केला नाही त्यांना यंत्रही मागेच ठेवणार. यंत्राला आकस नाही. प्रस्थापितांनी केलेल्या उल्लेखांची बेरीज ते इमानाने करते, इतकेच. त्याच निबंधात, जाहिरातीवर जगणारी शोधयंत्रे जाहिरातदारांकडे झुकतील, असा इशाराही होता. २००० साली गुगलने स्वतःच जाहिरातींची योजना सुरू केली, हे जाता जाता नोंदवतो.

आता गैरप्रकारांकडे वळू. सर्वांत जुना प्रकार म्हणजे एकच शब्द पानावर वारंवार कोंबणे. दुसरा, यंत्राला एक पान दाखवायचे आणि माणसाला दुसरे. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गुगलने आपल्या यादीतून काढून टाकले. जुन्या गाड्यांविषयीचे शब्द ठासून भरलेली पाने तिने यंत्रासाठी रचली होती. त्यांवर येणारा माणूस मात्र भलत्याच पानावर नेला जाई. तिसरा प्रकार विकतच्या दुव्यांचा. जे. सी. पेनी हे अमेरिकेतले मोठे दुकान २०१० च्या नाताळात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कितीतरी शब्दांना पहिले येत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छडा लावला, तेव्हा काय दिसले? ज्यांचा कपड्यांशी काडीचा संबंध नाही अशा शेकडो पानांवर या दुकानाचे दुवे पेरलेले होते. गुगलने कारवाई केली आणि काही शब्दांना ते पहिल्यावरून सत्तरीच्या आसपास घसरले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे दुकानाने सांगितले आणि सल्लागार संस्थेला काढून टाकले.

कल्पना नव्हती, हे वाक्य मीही उच्चारलेले आहे, म्हणून त्याला हसण्याचा मला अधिकार नाही. शहरातल्या एका व्यावसायिकाने 'महिन्यात पहिल्या पानावर आणतो' अशी हमी दिली. वर्गणी काढून आम्ही त्याचे पैसे भरले. भेटी वाढल्या, आम्ही खूश. मग एका संशोधक विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, या कवींच्या कविता तुमच्याकडे आहेत असं गुगल दाखवतंय. मी रात्रभर शोधतेय, एकही सापडत नाही." मी पान उघडले. काहीच दिसेना. शेवटी माऊसने सारे पान निवडले, तेव्हा तळाशी पांढऱ्यावर पांढरी अक्षरे उमटली. पन्नासेक कवींची नावे होती. त्यांतल्या बहुतेकांची एक ओळही आमच्या संग्रहात नव्हती. ज्यांची दखल घेतली गेली नाही म्हणून आम्ही हा उद्योग आरंभला, त्यांचीच नावे आम्ही आमिष म्हणून वापरत होतो. त्या मुलीला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

उचित मार्ग कंटाळवाणा आहे. आमच्या बऱ्याच फायली डीटीपीच्या काळातल्या फाँटमधल्या होत्या. त्या फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते. यंत्र ती खिचडीच वाचते. म्हणजे आमचे पान मराठीत आहे हेच त्याला ठाऊक नव्हते! सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे मराठीपुरते मला पहिले काम वाटते. उरलेले अंक छायाचित्रांच्या रूपात होते. झिजलेल्या खिळ्यांची जुनी छपाई यंत्राला धड वाचता येत नाही, म्हणून निदान अनुक्रमणिका हाताने टंकलिखित करावी. छायाचित्राखाली त्यात काय आहे ते शब्दांत द्यावे. ते अंध वाचकाच्या संगणकालाही वाचून दाखवता येते. पानाचे शीर्षक 'अंक ३' असे नसावे. नियतकालिकाचे नाव, वर्ष, गाव त्यात यावे. लेखकाचे नाव लोक रोमन लिपीत टंकतात, तेव्हा ते तसेही एकदा उघडपणे द्यावे. उघडपणे, हे महत्त्वाचे. पत्ता बदलला तर जुन्यावर आलेला वाचक आपोआप नव्यावर जाईल अशी कायमची सोय करावी. पानाच्या पोटात शोधशब्दांची छुपी यादी देण्याचे मात्र कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. ती यादी आपण क्रमासाठी विचारात घेत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

हे नियम एका खाजगी कंपनीचे आहेत, याचा विसर मला पडलेला नाही. मार्च २०२४ मध्ये तिने यंत्राकरवी घाऊक पाने पाडणे, जुन्या प्रतिष्ठित संस्थांचे नाव भाड्याने घेणे यांनाही गैर ठरवले. ते योग्यच आहे. पण न्यायाधीशही तीच आणि जाहिरात विकणारीही तीच. बीएमडब्ल्यू काही दिवसांत यादीत परतली. तेवढी वट कोणाकडे असते?

आम्ही ती पांढरी अक्षरे पुसली. विकतच्या दुव्यांची यादी करून ते मोजू नयेत असे गुगलला कळवण्याची सोय २०१२ पासून आहे, तीही वापरली. भेटी निम्म्याहून कमी झाल्या. आता दर रविवारी दोघेजण बसतात आणि अनुक्रमणिका टंकतात. त्या विद्यार्थिनीला हव्या असलेल्या कवींपैकी दोघांच्या कविता एका स्मरणिकेत मिळाल्या. त्यांचे पान तेवढे तयार झाले आहे.